मात कशाने केली?

बुद्धिबळाच्या क्लासच्या पाटीवर हल्ली तीन गोष्टी हमखास असतात. एकाग्रता वाढते, गणित सुधारतं, निर्णयक्षमता येते. पालक पाटी वाचतात आणि पोराचं नाव घालून मोकळे होतात. माझा जन्म बुद्धिबळवेड्या घरातला, आणि यांपैकी एकाही कारणासाठी पटाशी बसलेला माणूस मी पाहिलेला नाही. आमचे तात्या, म्हणजे माझे आजोबा, हयातभर रोज संध्याकाळी खेळले. त्यांची बुद्धी होती तेवढीच राहिली. अडकित्ता कुठे ठेवला हे विसरायचं प्रमाण मात्र वाढलं.

मग माणसं खेळतात कशासाठी? खेळणाऱ्याला विचारून उपयोग नाही. 'बरं वाटतं' यापलीकडे तो जात नाही, आणि फार खोदून विचारलं तर 'तू आधी चहा टाक' म्हणतो. मला उत्तर सापडलं ते जुन्या देशी नियमांत. आपल्याला नेमकी कशात गोडी आहे, हे माणसं नियम करताना नकळत लिहून ठेवतात.

सांगलीच्या गावभागात आमचा वाडा होता. ओसरीवर कापडी पट पसरला जायचा. त्यावर काळी-पांढरी घरं नसत, नुसत्या शिवलेल्या रेघा. मोहरे लाकडी, लाखेचे, एक बाजू लाल आणि एक हिरवी. देशी डावात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला सबंध डावात एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येई, तीही त्याला तोवर शह बसला नसेल तरच. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की वाटेल ते होण्याची मुभा नव्हती. हत्तीच्या ओळीतलं प्यादं हत्तीच व्हायचं, घोड्याच्या ओळीतलं घोडाच, आणि तेही तो मोहरा आधी मेलेला असेल तर. गावागणिक यात थोडाफार फरक पडे. मिरजेचा पाहुणा आला की पहिला अर्धा तास नियम ठरवण्यात जाई, आणि तात्यांना तोही खेळाचाच भाग वाटे.

खरी गंमत डाव संपवण्यात होती. समोरच्याचा राजा एकटा उरला, बाकी सगळं मारून झालं, की आजच्या खेळात जिंकणाऱ्याला आनंद होतो. देशी डावात ती 'बुर्जी'. तो विजय धरत नसत, डाव जवळजवळ बरोबरीत गेल्यासारखाच. त्यामुळे वरचढ खेळाडूला समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवावं लागे, त्याला पुढे सरकू द्यावं लागे, आणि ते शेवटच्या घरात पोचायच्या आत मात करावी लागे. शत्रूला पुरतं लुटलं तर तुमचीच पत गेली. मात करण्यातही उच्चनीच होतं. वजिराने केलेली मात म्हणजे काय, कुणीही करील. हत्तीची जरा बरी. प्याद्याने केलेली मात सगळ्यांत मानाची.

तात्या आणि आमच्या समोरच्या वाड्यातले वकीलकाका यांचा एक डाव मला अजून दिसतो. तात्यांकडे वजीर होता, हत्ती होता, दोन चालींत मात दिसत होती. ओसरीवर जमलेल्यांत ती सगळ्यांना दिसत होती, कारण देशी डावात बघ्यांनी गप्प बसायचं असतं अशी समजूतच नव्हती. "तात्या, वजीर, वजीर!" असा गलका चाललेला. तात्यांनी पानाला चुना लावला, पान दुमडलं, तोंडात घातलं, आणि मग बोट एका प्याद्यावर ठेवून म्हणाले, "वकीलसाहेब, हा गडी तुम्हाला मारणार." मग त्यांनी हत्ती देऊन टाकला. लोकांनी कपाळावर हात मारले. वकीलकाकांनी हत्ती खाल्ला नसता तरी चाललं असतं, पण तो खाल्ल्यावाचून त्यांना राहवेना. पुढे शहामागून शह देत राजाला एका कोपऱ्यात हाकलत नेलं, आणि शेवटी तेच प्यादं एक घर सरकलं. मात. वकीलकाका पटाकडे बघत बसले आणि म्हणाले, "वजिराने मारला असतात तर चाललं असतं हो. हे फार लागलं." दुसऱ्या दिवशी कोर्टात त्यांना तीनचार जणांनी विचारलं म्हणे, "कशाने झाली?" झाली का, असं कुणी विचारलं नाही.

कशाने झाली, हा प्रश्न मला त्या काळाच्या खेळाचं सार वाटतो. जिंकणं हा हिशेबाचा अर्धा भाग, कसं जिंकलात हा उरलेला. आणि 'कसं' याला किंमत असेल तर ते बघणारी चार माणसं लागतातच. गाण्याच्या मैफलीत समेवर मान हलवणारा लागतो, तसे हे ओसरीवरचे लोक.

ही रसिकता तात्यांनी शोधली नव्हती, ती फार मागून चालत आलेली होती. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने मानसोल्लास हा ग्रंथ केला. आजचं बसवकल्याण म्हणजे त्याची राजधानी, आपल्या सीमेला लागूनच. त्यात राजाने मन कशात रमवावं याचं सविस्तर वर्णन आहे. कुस्त्या आहेत, कोंबड्यांच्या झुंजी आहेत, आणि बुद्धिबळही आहे. बुद्धी तल्लख होते म्हणून राजाने खेळावं असा सूर नाही. वेळ छान जातो म्हणून खेळावं. मोकळेपणा म्हणावा तो असा. पुढे सतराव्या शतकात पैठणहून काशीला जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांनी राजनीतीवर नीतिमयूख लिहिला आणि त्यातही बुद्धिबळाला जागा दिली. याच नीलकंठांच्या व्यवहारमयूखाचा आधार इंग्रजी अमदानीत मुंबईचं हायकोर्ट वारसाहक्काच्या दाव्यांत घेत असे. वकीलकाका डाव हरत आले की हा मुद्दा हमखास काढत. ज्यांनी कायदा सांगितला त्यांनीच बुद्धिबळ सांगितलं, तेव्हा वकिलाला एक चाल मागे घेऊ द्यायला हरकत नसावी, असा त्यांचा युक्तिवाद. तात्या तो फेटाळत.

मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्रिवेंगडाचार्य शास्त्रींचा विलासमणिमंजरी हा संस्कृत ग्रंथ येतो. १८१४ मध्ये मुंबईत त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, युरोपी पद्धतीच्या खेळाशी जुळवून घेऊन. पेशवाई बुडायला चार वर्षं उरली होती. ग्रंथात भर आहे तो अडचणीच्या स्थितींवर: इतके मोहरे असे उभे आहेत, आता सोडवा. म्हणजे प्रतिस्पर्धी नाही, पैज नाही, हार नाही, जीत नाही. एकटा माणूस, पट, आणि कुणीतरी घालून ठेवलेलं कोडं. खेळाची ही दुसरी गोडी. ओसरीवरच्या गलक्याच्या अगदी उलट टोकाची, पण तितकीच जुनी.

युरोपी नियम आले आणि देशी डाव मागे पडला, त्या उंबरठ्यावर उभा असलेला सगळ्यांत मोठा माणूस पंजाबातला. मीर सुलतान खान. वडिलांकडून देशी डाव शिकलेला, सर उमर हयात खान या जमीनदाराच्या पदरी असलेला. १९२८ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय स्पर्धेत त्याने नऊ डावांत साडेआठ गुण मिळवले. पुढच्याच वर्षी मालकाबरोबर लंडनला गेला आणि ब्रिटिश अजिंक्यपद जिंकलं. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा. १९३०-३१ च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. डावाच्या सुरुवातीला तो अडखळे, कारण पुस्तकी सुरुवाती त्याच्या अंगवळणी पडलेल्या नव्हत्या आणि प्याद्याची दोन घरांची उडी त्याने मागाहून शिकलेली. मधल्या आणि शेवटच्या खेळात मात्र भलेभले त्याच्यापुढे नमत. युरोपची थंडी त्याला कधीच मानवली नाही. १९३३ च्या अखेरीस तो परत आला. १९३५ मध्ये आपल्या वि. का. खाडिलकरांशी त्याचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर काही ऐरेगैरे नव्हते, ते विलायतेत खेळून आलेले होते. त्या दहांत त्यांना एक बरोबरी मिळाली, बाकीचे नऊ गेले.

त्यानंतर सुलतान खान स्पर्धांतून जवळजवळ नाहीसाच झाला. १९६६ मध्ये सरगोध्याला वारला. २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने त्याला मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं. त्याने स्वतःच्या मुलांना बुद्धिबळ शिकवलं नाही, आयुष्यात काहीतरी अधिक उपयोगाचं करा म्हणाला, असं सांगतात. माझ्या वडिलांना ही गोष्ट फार झोंबायची. मला तिचं नवल वाटत नाही. दुसऱ्याच्या हुकमावर, दुसऱ्याच्या गावात, गळ्याला मफलर गुंडाळून खेळावं लागलं तर 'बरं वाटतं' हे कारण टिकेल कसं?

वडील, म्हणजे आमचे नाना, नव्या खेळाचे. १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकरांनी सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि गावातल्या पोरासोरांना आंतरराष्ट्रीय नियमांची चटक लावली. भाऊसाहेबांनी अख्खं आयुष्य या एका खेळात घातलं. मे महिन्याचं सांगलीतलं ऊन ज्यांनी सोसलंय त्यांना कळेल की त्या उन्हात टेबलं मांडून, पंख्यांची घरघर ऐकत स्पर्धा भरवत राहणं ही काय चीज आहे. देशभरातही तेव्हा हेच चाललं होतं. १९५१ मध्ये अखिल भारतीय संघटना उभी राहिली. १९५५ मध्ये आंध्रातल्या एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि आपल्या रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्यांबरोबर अजिंक्यपद वाटून घेतलं. आता नियम एक झाले. मिरजेच्या पाहुण्याशी अर्धा तास वाद घालायचं कारण उरलं नाही. सांगलीचा पोरगा मॉस्कोच्या माणसाशी खेळू शकत होता. हा फायदा लहान नाही.

तात्यांना नवा खेळ पटला नाही. "प्याद्याचा कधीही वजीर? मग प्यादं कशाला म्हणायचं?" हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा घड्याळावर. चाल केली की घड्याळाचा दट्ट्या दाबायचा, ही त्यांना माणुसकीला सोडून असलेली गोष्ट वाटे. तिसरा आक्षेप सगळ्यांत खोलवरचा होता: तिथे बघ्यांना बोलू देत नाहीत.

नानांना नेमकं तेच आवडलं. ते एका सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर दुसऱ्याच्या सहीसाठी कागद तयार करायचे. निर्णय साहेबाचा, चूक मात्र कारकुनाची. मंडळात पटाशी बसलं की तीन तास कुणी सल्ला द्यायचा नाही, कुणी खांद्यावरून वाकून बघायचं नाही. हात आपला, चूकही आपली. हरून आले तरी ते खुशीत असत. आईला ते कधी उमगलं नाही. शिवाय नव्या खेळात चाली लिहून ठेवायची पद्धत होती. नानांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वह्या भरल्या. रात्री जेवणं आटोपली की पट मांडून, पुस्तक मांडीवर घेऊन ते सुलतान खानाने कापाब्लांकाला हरवलेला तो लांबलेला डाव एकटेच खेळत. अर्ध्यात थांबत, पुस्तक झाकत आणि पुढची चाल स्वतः शोधत. सापडली की मला झोपेतून उठवून सांगत. दोघे खेळाडू केव्हाच गेलेले, डाव अजून चालूच. दुसऱ्या कुठल्या खेळात हे सुख नाही. ब्रॅडमनची खेळी पुन्हा खेळता येत नाही.

माई आत्याची गोष्ट वेगळी. ती विशीत विधवा होऊन माहेरी आलेली. देशी डाव तिला तात्यांइतकाच येत होता, कारण माजघराच्या दाराआड उभं राहून तिने तो वर्षानुवर्षं पाहिला होता. पण ओसरीवर पुरुषांत बसून खेळण्याची सोय नव्हती. तशी मनाई कुणी केली नव्हती. ती करायची वेळच येत नसे, इतकं ते ठरलेलं होतं. ओसरीवरची ती रसिकता मी वर रंगवून सांगितली खरी, पण तिच्यात निम्मं घर नव्हतं, हेही सांगायला हवं.

आत्याला वाट सापडली ती पोस्टाची. नानांनी तिला टपाली बुद्धिबळाच्या एका मंडळात घातलं. एका कार्डावर एक चाल. वर तारीख, समोरच्याची चाल पुन्हा लिहायची, खाली आपली. चाली आकड्यांत, कारण भाषा कुणाची कुठलीही असो, आकडे सगळ्यांना कळतात. डावीकडून पाचव्या ओळीतल्या दुसऱ्या घरातलं प्यादं चौथ्या घरात गेलं, तर ५२५४. बस, एवढंच कार्ड. बाकीची जागा कोरी. एक डाव संपायला वर्ष सहज जाई. आत्या कार्ड आलं की लगेच चाल करत नसे. चुलीपाशी, विहिरीपाशी, देवळात, ती चाल तिच्या डोक्यात फिरत राही. आमच्या पोस्टमनने मात्र नुसत्या आकड्यांची कार्डं बघून वेगळाच तर्क केला होता. एकदा तो आजीला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "काकू, बाईंना सांगा, मटक्यात कुणाचं भलं झालेलं नाही." आत्या पुढे कितीतरी वर्षं ही गोष्ट हसून सांगे. कुणाची विधवा, काय जेवते, कुठल्या रंगाचं लुगडं नेसते, हे न विचारता जबलपूरचा किंवा मद्रासचा कुणी माणूस तिच्या घोड्याची धास्ती घेऊन बसलाय, याचं तिला काय वाटत असेल ते मला शब्दांत सांगता येणार नाही. तिने कधी सांगितलं नाही. पण ती कार्डं तिने देवघराच्या फडताळात ठेवली होती.

म्हणून १९७४ मध्ये बंगळूरला महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर ती जिंकल्या, तेव्हा आमच्या घरात पेढे आत्याने वाटले. वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी मुंबईच्या, 'नवाकाळ'चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या मुली. पुढची काही वर्षं महिलांचं राष्ट्रीय अजिंक्यपद या एका घरातच फिरत होतं. १९७६ मध्ये तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गहजब झाला. मुलीशी हरलो तर काय, हा प्रश्न उघड कुणी विचारत नव्हतं, पण आक्षेप होते त्यांच्या तळाशी तोच होता असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. प्रकरण हायकोर्टात गेलं. शेवटी जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निकाल दिला की राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. युवे स्वतः जगज्जेते होऊन गेलेले. जयश्री १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झाल्या, असा किताब मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय. रोहिणीने १९८१ मध्ये आशियाई अजिंक्यपद जिंकलं. आमच्या सांगलीच्या स्वाती घाटे पुढे महिला ग्रँडमास्टर झाल्या. आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या दिव्या देशमुखने बातुमीला महिलांचा विश्वचषक घेतला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर हा किताबही. अंतिम लढत कोनेरू हंपीशी होती, म्हणजे दोन्ही बाजूंना आपल्याच बायका. आत्या असती तर दोघींच्या चाली तिने आकड्यांत उतरवून घेतल्या असत्या.

मी स्वतः का खेळते, हे विचाराल तर सांगते. मराठीची शिक्षिका म्हणून नोकरी झाली, घर झालं, मुलं झाली, आणि या सगळ्यात मला कुणी 'आता तू गप्प बस आणि विचार कर' असं कधी म्हटलं नाही. पटाशी बसलं की तेच तर करायचं असतं. बाईने भिंतीकडे बघत अर्धा तास बसायचं म्हटलं तर घरात काळजी सुरू होते. तीच बाई पटाकडे बघत बसली तर कुणी काही म्हणत नाही.

आता संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत दगडी बाकावर पट मांडते. समोर चौथ्या मजल्यावरचा आठवीतला मुलगा असतो. तो क्लासला जातो, मोबाइलवर तीन-तीन मिनिटांचे डाव खेळतो, त्याला स्वतःचं रेटिंग तोंडपाठ आहे आणि सुरुवातींची नावं माझ्यापेक्षा दसपट जास्त येतात. मोबाइलवर मात झाली की गुण वाढतात; कुठल्या मोहऱ्याने झाली याचा रकाना तिथे नाही. परवा माझा डाव चांगला लागला होता. वजीर मोकळा होता. मी तो बाजूला ठेवला, एक घोडा सोडला, त्याच्या राजाला कडेला नेलं आणि प्याद्याने शेवट केला. तो बराच वेळ पट बघत राहिला, मग चाली उलट्या मांडत मागे गेला आणि म्हणाला, "आजी, तीन चालींपूर्वीच वजिराने मात होती. तुम्हाला दिसली नाही?"

"दिसली की."

"मग?"

बाकाशेजारी फिरायला आलेले दोघेतिघे एव्हाना थांबले होते. त्यांतले एक निवृत्त गृहस्थ, ज्यांना मी कधी पटाशी बसलेलं पाहिलं नव्हतं, मध्येच म्हणाले, "अरे, प्याद्याने केली बाईंनी! आमच्या कऱ्हाडला यावर जेवण द्यावं लागायचं." मुलाने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जेवण कुणी कुणाला द्यायचं असतं ते विचारलं. तर त्यावरून आम्हा दोघांचं एकमत होईना. कऱ्हाडचे म्हणत, हरलेल्याने. सांगलीत, मी म्हटलं, जिंकलेल्याने.